बालकक्षात एकाच वेळी चार मुलं आली, तर आधी कोणाकडे जायचं?

तापीकाठची_सिस्टर (प्रश्न)

नमस्कार. मोठ्यांच्या सर्जरी वॉर्डातून उपजिल्हा रुग्णालयाच्या बालकक्षात ड्युटी लागली आहे. चोपडा-यावल पट्टा, सातपुड्याचा पायथा. मोठ्या माणसाचा बीपी आणि सॅच्युरेशन पाहिलं की निम्मं चित्र कळतं. लहान मुलांचं तसं नाही, म्हणून एक नमुना प्रसंग मांडते.

रात्रीची वेळ. डॉक्टर सिझरमध्ये अडकलेले, यायला १५ मिनिटं. कक्षात एक स्टाफ आणि एक मावशी. पाठोपाठ चार मुलं येतात:

१) ९ महिन्यांचं बाळ, वजन ६ किलो. दोन दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, आईच्या खांद्यावर गप्प पडलेलं.
२) ६ वर्षांचा मुलगा, माळ्यावरून पडला. हात वाकडा झालाय, जोरजोरात रडतोय.
३) ४ वर्षांची मुलगी, १४ किलो. विंचू चावलाय. घाम फुटलेला, हातपाय गार.
४) १५ वर्षांची मुलगी, सुमारे ४० किलो. कपाशीवर फवारायचं औषध प्यायली. बोलतेय, "मला काही झालं नाही" म्हणतेय.

सगळ्यात जास्त आरडाओरडा दोन नंबरच्या मुलाच्या नातेवाइकांचा. क्रम कसा लावायचा, आणि डॉक्टर येईपर्यंत नर्सनं नेमकं काय करायचं? डोस आणि ठिबक सलाईनचे थेंब आकड्यांत सांगितलेत तर फार मदत होईल.

---

बालकक्ष_इन्चार्ज

ताई, क्रम आजाराच्या नावावरून लावू नका. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, मग पाणी. दारातूनच अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी दिसतात: मूल कसं दिसतंय (आईकडे बघतं का, अंगात जोर आहे का), श्वास घ्यायला कष्ट पडताहेत का, आणि कातडीचा रंग. हात लावायच्या आत चारही मुलांवर ही नजर फिरली पाहिजे.

जोरात रडणाऱ्याची श्वासनलिका उघडी आहे, मेंदूला रक्त पोचतंय. गप्प पडलेलं मूल आधी. म्हणून पहिलं बाळ. त्याच वेळी विष प्यायलेल्या मुलीला शेजारच्याच खाटेवर डाव्या कुशीवर घ्या, म्हणजे हाताच्या अंतरावर राहील. आता बोलतेय, पण हे औषध दहा मिनिटांतही चित्र पालटू शकतं. तिसरी विंचूवाली. हात मोडलेला मुलगा शेवटी, मात्र त्याला झोळी बांधून आणि बोटं गरम आहेत का ते बघूनच पुढे जा.

नातेवाइकांना एक वाक्य पुरतं: "त्याचा हात मी बघितलाय, नाडी लागतेय, या बाळाचा श्वास सांभाळून लगेच येते." न सांगता पुढे गेलं की गोंधळ वाढतो आणि त्यात बाळाचाच वेळ जातो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना. १५ सेकंद मोजून चारानं गुणू नका, लहान बाळ मध्येच थांबून श्वास घेतं आणि आकडा चुकतो. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद. फक्त आकडा बघून थांबू नका. छाती आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं या खुणा वाईट. ७० वर असलेला श्वास अचानक ३० वर आला आणि बाळ मलूल झालं, तर ती सुधारणा नव्हे. बाळ थकलंय, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घ्या.

बाळाचं डोकं मोठं असतं, उताणं ठेवलं की मान पुढे वाकते आणि श्वासनलिका दबते. खांद्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, नाक सरळ छताकडे. मोठ्यांसारखी मान मागे ताणलीत तरी नलिका बंदच होते. ऑक्सिजन नाकातल्या नळीनं १ ते २ लिटर, अगदी तान्ह्याला अर्धा लिटर. बोटं गार असतील तर सॅच्युरेशनच्या आकड्यावर भरवसा नको. आधी पाऊल चोळून गरम करा, लहर नीट येतेय का बघा.

रक्ताभिसरणासाठी तीन गोष्टी एकत्र पाहा: हातपाय गार, अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ, आणि नाडी कमजोर व जलद (वर्षाच्या आत १६० च्या वर, १ ते ५ वर्षं १४० च्या वर). तिन्ही असतील तर शॉक समजा. बीपीची वाट बघू नका. मुलाच्या रक्तवाहिन्या आवळून धरतात आणि बीपी शेवटपर्यंत टिकवतात. १ ते १० वर्षांत वरच्या बीपीची खालची मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट. त्याखाली आकडा आला म्हणजे खूप उशीर झालाय.

डॉक्टरांना फोनवर "पेशंट सिरियस आहे" एवढंच सांगू नका. वय, वजन, श्वास, नाडी, रंग परत यायचे सेकंद, शुद्ध (जागं आहे, हाकेला उत्तर देतं, दुखवल्यावर हलतं की काहीच नाही) आणि शुगर. हे सात आकडे सांगितले की थिएटरमधूनसुद्धा आदेश देता येतो.

---

अपघातकक्ष_ब्रदर

आकड्यांचं सांगतो. वजन खरोखर काट्यावरच करा. काटा नसेल तर १ ते १० वर्षांसाठी (वय + ४) × २ हे सूत्र आहे, पण आपल्याकडच्या डोंगरपट्ट्यातल्या मुलांचं वजन त्यानं बरंच जास्त निघतं. सूत्रावर डोस काढला असेल तर केसपेपरवर "अंदाजे" लिहा, म्हणजे पुढची पाळी तोच आकडा खरा धरून चालणार नाही.

सेट कोणता लावलाय ते पाहूनच थेंब मोजा. मायक्रोड्रिपचे (बारीक थेंबांच्या सेटचे) ६० थेंब म्हणजे १ मिलि. त्यामुळे ताशी जितके मिलि, मिनिटाला तितकेच थेंब. साध्या सेटला पाकिटावर बहुतेक २० थेंब म्हणजे १ मिलि लिहिलेलं असतं, पण वाचून खात्री करा. बाळाला थेट ५०० मिलिची बाटली कधीही जोडू नका. मधे ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली छोटी नळी) लावा आणि त्यात एका तासाचंच पाणी भरा. बाईंनी चिमटा उघडा ठेवला, बाळाचा हात हलून सेट मोकळा झाला, तर ५०० मिलि अर्ध्या तासात आत जातात. ६ किलोच्या बाळात ते फुफ्फुसात उतरतं.

तीव्र निर्जलीकरण असलेल्या वर्षाच्या आतल्या बाळाला रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन) १०० मिलि/किलो: पहिले ३० मिलि/किलो १ तासात, उरलेले ७० मिलि/किलो ५ तासांत. ६ किलोला पहिल्या तासात १८० मिलि, म्हणजे साध्या सेटनं मिनिटाला ६० थेंब. पुढचे ५ तास ताशी ८४ मिलि, मायक्रोड्रिपनं ८४ थेंब. वर्षाच्या वर हेच ३० मिलि अर्ध्या तासात आणि ७० मिलि अडीच तासांत.

हात मोडलेल्या मुलाला पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम/किलो. १८ किलो असेल तर २७० मिलिग्रॅम. इथं चूक हमखास होते, कारण बाजारात १२५/५, २५०/५ अशी सिरपं आणि १ मिलित १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स सगळंच मिळतं. २५०/५ मधून ५.४ मिलि, १२५/५ मधून जवळपास ११ मिलि. "एक चमचा द्या" असं तोंडी सांगू नका, सिरिंजनं मोजा. ६ तासांनी परत देता येतं, दिवसात ६० मिलिग्रॅम/किलोच्या वर नाही. ऑपरेशनची शक्यता असेल तर तोंडानं काही देण्याआधी डॉक्टरांना विचारा, गरजेनुसार शिरेतून देता येतं.

पडलेला आहे म्हणून हाताकडेच बघत बसू नका. डोकं, मान, पोट. उलट्या होताहेत का, बाहुल्या सारख्या आहेत का. हाताची बोटं दर तासाला: रंग, ऊब, नाडी, बोटं हलतात का, बधिर आहेत का. औषध देऊनही दुखणं वाढतच चाललं आणि बोटं हळूच सरळ केल्यावर किंचाळला, तर आतला दाब वाढतोय. पट्टी पूर्ण कापा आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या घट्ट बांधून आलेल्या मुलाची बांधणी आल्या आल्या सोडा, सकाळच्या एक्स-रेची वाट बघू नका. काही तास रक्त बंद राहिलं की हात कायमचा आखडतो.

---

सातपुडा_पोषण

ब्रदर, तुमचं गणित बरोबर आहे, पण या बाळाला ते तसंच लावू नका. ९ महिन्यांचं बाळ आणि वजन ६ किलो, इथंच थांबून आधी दंडाचा घेर मोजायला हवा. ११.५ सेंमीच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहत असेल, तर हे बाळ तीव्र कुपोषित आहे आणि त्याचा मार्ग वेगळा.

कारण असं: अशा बाळाच्या कातडीखाली चरबीच नसते. चिमटीतली कातडी हळू परत जाणं आणि डोळे खोल दिसणं हे त्याचं रोजचं रूप असू शकतं. जुलाब किती, लघवी कधी झाली, डोळे आता खोल गेले की आधीपासूनच, हे आईला विचारावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आईशी पावरी किंवा भिलीत बोलणारी आशाताई असेल तर तिला शेजारी उभं करा. आई प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत असेल, तर प्रश्न पोचलेलाच नाही. जळगाव-धुळ्याकडं अहिराणीत "कोठे दुखस?" एवढं विचारलं तरी पोर आणि माय दोघं मोकळी होतात.

कुपोषित बाळ शुद्धीवर असेल आणि शॉक नसेल तर शिरेतून पाणी नाही. तोंडानं किंवा नळीनं ओआरएस ५ मिलि/किलो दर अर्ध्या तासाला, पहिले २ तास. या बाळाला प्रत्येक वेळी ३० मिलि. पुढे ताशी ५ ते १० मिलि/किलो, एफ-७५ (कुपोषित बाळांना सुरुवातीला द्यायचं खास दूध) याच्याशी आलटूनपालटून. शॉक असेल आणि बाळ बेशुद्धीकडे झुकत असेल तरच शिरेतून, आणि तेही १५ मिलि/किलो सबंध एका तासात, म्हणजे ९० मिलि. ५ टक्के डेक्स्ट्रोज असलेलं रिंगर लॅक्टेट. दर १० मिनिटांनी श्वास आणि नाडी. श्वास मिनिटाला ५ नं किंवा नाडी १५ नं वाढली, तर सलाईन बंद करा. पातळ झालेल्या हृदयाला ते पाणी पेलत नाही.

भराभर बोलस (एकदम सोडलेलं जास्त सलाईन) देण्याची सवय धोक्याची आहे हे नुसतं कुपोषणापुरतं नाही. युगांडा, केनिया आणि टांझानियात झालेल्या २०११ च्या फीस्ट अभ्यासात, ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांना झटपट बोलस दिल्यावर ४८ तासांतले मृत्यू वाढलेले दिसले. तीव्र रक्तक्षय असलेलं फिकट मूल आपल्याकडेही रोजचंच आहे. पाणी द्यायचं, पण खाटेजवळ उभं राहून.

शुगर बघायला विसरू नका, किंबहुना सुईसाठी शीर शोधायच्या आधीच टाचेतून थेंब घ्या. ५४ च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटरच नसेल, तर कमी आहे असंच धरा. बेशुद्ध बाळाला १० टक्के डेक्स्ट्रोज ५ मिलि/किलो शिरेतून, म्हणजे ३० मिलि. कपाटात २५ टक्केच असतं, तेव्हा त्यातलं १२ मिलि आणि डिस्टिल्ड वॉटर १८ मिलि मिसळा. २५ टक्के तसंच दिलंत तर बारीक शीर जळते. शुद्धीवर असेल तर ५० मिलि १० टक्के साखरपाणी तोंडानं किंवा नळीनं.

काखेतलं तापमान ३५ च्या खाली म्हणजे बाळ गार पडलंय. टोपी घाला, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून वरून पांघरूण. आंघोळ अजिबात नको. उन्हाळ्यात भुसावळात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असला तरी पंख्याखाली ओल्या दुपट्यात ठेवलेलं कुपोषित बाळ गार पडतं.

आणि रात्रीचं दूध. एफ-७५ दिवसाला १३० मिलि/किलो, दर २ तासांनी, म्हणजे या बाळाला ६५ मिलि, १२ वेळा. पायांना खूप सूज असेल तर १०० मिलि/किलो. रात्री २ आणि ४ चं दूध चुकलं की पहाटे शुगर पडते, तापमानही पडतं, आणि सकाळी लिहिलं जातं "अचानक दगावलं". अचानक काही नसतं. आईला उठवण्याची जबाबदारी स्टाफची आहे, आई दोन दिवसांची जागी असते. लोहाचं औषध पहिल्या टप्प्यात देऊ नका.

---

अपघातकक्ष_ब्रदर

बरोबर, ताई. दंडाचा घेर आधी. माझं गणित फक्त कुपोषण नसलेल्या बाळासाठी धरा.

---

रातपाळी

विंचू आणि विषावर लिहिते.

नुसतं चावल्या जागी दुखतंय, बाकी अंग ठीक, अशा मुलाचं लक्षण चांगलं. घाम, उलट्या, लाळ, गार हातपाय, मुलग्यात लिंग ताठ राहणं या खुणा म्हणजे विष अंगभर पसरलंय, आणि तेव्हा जागेवरचं दुखणं उलट कमी असू शकतं. म्हणून "आता दुखत नाही" यावर हायसं वाटून घेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामातून प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आपल्या हातात आलं. मात्रा ३० मायक्रोग्रॅम/किलो तोंडानं. १४ किलोला ४२० मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातून ४.२ मिलि द्या. हळूहळू सुटणारी गोळी असते ती चालत नाही, पाकीट वाचा. दिल्यावर मुलीला आडवंच ठेवा. आईनं उचलून उभं धरलं की बीपी एकदम पडतो. पुढचा डोस ३ तासांनी, हातपाय अजून गार असतील तर, बीपी पाहून, डॉक्टरांच्या आदेशानं. विंचूविरोधी लस (प्रतिविष) असेल तर तीही. अ‍ॅट्रोपिन मात्र नाही. गार हातपाय बघून इथं बोलस सोडाल तर फुफ्फुसात पाणी भरेल, कारण हे गारपण पाणी कमी झाल्याचं नसून रक्तवाहिन्या आवळल्याचं आहे. खोकला, फेस, श्वास वाढणं यावर पहिले काही तास दर १५ मिनिटांनी लक्ष.

आता मोठी मुलगी. हातमोजे घालून तिचे सगळे कपडे काढा, पिशवीत बांधा (एमएलसीत, म्हणजे पोलिसांना कळवायच्या नोंदीत, लागतील), अंग आणि केस साबणानं धुवा. केसांत राहिलेलं औषध कातडीतून शोषलं जातच राहतं. मावशींनाही हातमोजे. पोट धुण्याची घाई नको, श्वासमार्ग सुरक्षित झाल्याशिवाय नळी टाकली तर औषध फुफ्फुसात जातं. रॉकेल प्यायलेल्या लहानग्याला तर उलटीही करवायची नाही. बाटली किंवा तिचा फोटो मागवा, कारण फवारणीचं प्रत्येक औषध ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक विषारी गट) नसतं.

बारीक बाहुल्या, लाळ, घाम, छातीत घरघर असेल तर ऑर्गॅनोफॉस्फरस धरून अ‍ॅट्रोपिन ०.०५ मिलिग्रॅम/किलो, ४० किलोला २ मिलिग्रॅम. अँप्युलवर ०.६ मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर तीनहून थोड्या जास्त. ५ मिनिटांत छाती कोरडी झाली नाही तर पुढचा डोस दुप्पट. म्हणून पहिल्याच मिनिटाला २०-३० अँप्युल ट्रेमध्ये काढून ठेवा, एकेक आणायला धावू नका. कधी थांबायचं ते स्टेथोस्कोपवर ठरतं: घरघर गेली पाहिजे. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून किंवा नाडी वाढली म्हणून थांबायचं नसतं. उलट ताप, बडबड, पोटाचे आवाज बंद, लघवी तुंबलेली, असं दिसलं तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. मे महिन्यात वॉर्डच तापलेला असतो, तेव्हा तापाला सरळ उष्म्याचं नाव देऊ नका.

मुलगी बरी दिसायला लागली की लक्ष सैल होतं, आणि खरा घात २४ ते ९६ तासांत होतो. मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. दर पाळीला एकच चाचणी: "उशीवरून डोकं उचल." उचलता आलं नाही तर श्वास बंद पडण्याच्या आत डॉक्टरांना बोलवा.

तिच्या मनाचंही तितकंच महत्त्वाचं. एकटं सोडू नका, शौचालयातही दार लोटूनच. घरच्यांना बाहेर पाठवून सरळ विचारा: "मरावंसं वाटत होतं का? अजून वाटतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट ओझं हलकं होतं. एमएलसी नोंदवायची असतेच, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. घरच्यांसमोर "पोलीस केस होईल" अशी भीती घालू नका, त्या भीतीनं अर्धवट उपचारात मुलगी घरी नेली जाते. घरी न्यायच्या आधी टेली-मानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) १४४१६ क्रमांक आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवायची सूचना, दोन्ही द्या. लैंगिक अत्याचाराचं काही बोलली तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. १८ वर्षांच्या आतल्या मुलासाठी पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. उपचार मात्र तक्रारीची वाट बघत थांबत नाहीत.

---

सातपुडा_पोषण

एक राहिलं. नंदुरबार पट्ट्यातलं मूल "अंग दुखतंय" म्हणून आलं तर सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) विचारा. कार्ड असेल तर बघा. विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजारच असं नाही, वाहकही पॉझिटिव्ह येतो, खरं चित्र इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीवर. वेदनेचं औषध आल्यापासून अर्ध्या तासात. गरम शेक द्या, बर्फ कधीच नाही, गारव्यानं पेशी आणखी अडकतात. ताप ३८.५ च्या वर गेला, किंवा छातीत दुखून सॅच्युरेशन उतरलं, तर तातडी. पोट चाचपून पानथरीची (प्लीहेची) कड पेननं आखून ठेवा. दोन तासांत कड खाली सरकली आणि मूल फिकट झालं, तर रक्त पानथरीत साठतंय.

---

तापीकाठची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाकिटं वाचायचं आणि अँप्युल आधी काढून ठेवायचं लिहून घेतलं. शेवटचं: बाळाची शीर मिळालीच नाही तर?

---

बालकक्ष_इन्चार्ज

दोन-तीन प्रयत्न किंवा ५ मिनिटं, त्यापुढे सुया टोचत बसू नका. बाळ बेशुद्ध आणि शॉकमध्ये असेल तर डॉक्टर नडगीच्या हाडातून सुई घालतील, ती ट्रेमध्ये तयार ठेवा. नाहीतर नाकातून नळी टाका. लांबी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण करा. आत गेल्यावर द्रव ओढून पीएच पट्टीवर बघा, नुसत्या हवेच्या आवाजावर विसंबू नका. कुपोषण नसेल तर ओआरएस ताशी २० मिलि/किलो, ६ तास. ६ किलोला ताशी १२०, म्हणजे दर १० मिनिटांनी २० मिलि हळूहळू, डोकं थोडं उंच ठेवून. पोट फुगलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर वेग कमी करा. कुपोषण असेल तर वर लिहिलेला ३० मिलिचाच हिशेब. १०८ नं पाठवताना नळी काढू नका. देवगोई घाटात गाडीत शीर शोधणं शक्य नसतं, पण नळीतून २० मिलि देता येतात. चिठ्ठीवर शेवटचा डोस किती वाजता दिला तेही लिहा.